ओल भिंतीची, बिल किरायदाराचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी म्हणजे बदल्या आल्या, आणि बदल्या आल्या की किरायाची घरं आली. सालेकसा, देवरी, आमगाव करत करत मी गोंदिया शहरात आले आणि एका तीनमजली अपार्टमेंटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहिले. ते घर सोडताना घरमालकांनी तीस हजारांच्या डिपॉझिटमधून बावीस हजार कापून घेतले. कारण सांगितलं, भिंतीवर बुरशी आली, ती काढायला आणि रंग द्यायला एवढा खर्च आला.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धानाला तो लागतोच, पण तोच पाऊस स्लॅबमध्येही मुरतो. पोळा झाला, पाऊस ओसरला, की दिवाळीआधी घराला रंग द्यायची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास घरमालक-किरायदारांची ही भांडणं निघतात. बहुतेक वेळा किरायदार चार शब्द बोलून पैसे सोडून देतो. मी सोडले नाहीत. त्यातून जे हाती लागलं, ते सांगते.

१. सामान आत जाण्याआधी भिंतींचे फोटो काढा

घर बघायला गेलो की आपण नळाला पाणी आहे का बघतो, बोअर आहे का विचारतो, गाडी कुठे लावायची ते पाहतो. भिंतीकडे कोणी बघत नाही, कारण तिला नुकताच रंग दिलेला असतो. पण ताज्या डिस्टेंपरखालीही जुनी ओल दिसते. स्लॅब आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा बघा. तिथे फिकट तपकिरी कडा असलेला डाग दिसला, तर तिथून आधी पाणी आलेलं आहे. बोटाने ठोकून बघा. प्लास्टर सुटलेलं असेल तर पोकळ वाजतं.

आम्ही राहायला गेलो त्या दिवशी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात थाळीएवढा असा डाग होता. मी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढला, त्या कोपऱ्याचा जवळून फोटो घेतला आणि दोन्ही त्याच संध्याकाळी घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. खाली लिहिलं, "काकाजी, आज सामान आणलं. घराची आजची स्थिती अशी आहे." त्यांचं उत्तर आलं, "ओके मॅडम." पुढे या दोन शब्दांचा फार उपयोग झाला. असे फोटो मोबाइलमधून पुसू नका. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र देऊन ते पुरावा म्हणून दाखल करता येतात, आणि तेव्हा मूळ फोटो मूळ फोनमध्ये असलेला बरा.

२. ओल कुठून आली ते आधी ठरवा, बाकी सगळं नंतर

बुरशी स्वतःहून येत नाही, तिला पाणी लागतं. ते पाणी कोणाच्या बाजूने आलं, यावर बिल कोणाचं ते ठरतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की घरमालकाशी रकमेवर घासाघीस करू नका, पाण्यावर बोला.

घरात पाणी मुख्यतः तीन वाटांनी येतं. पहिली वाट गळतीची: गच्चीचा कोबा फुटलेला, टाकीखालचा पाइप झिरपणारा, वरच्या किंवा बाजूच्या संडास-बाथरूमचा नानी ट्रॅप खराब झालेला. हा डाग वरून खाली किंवा एका जागेपासून भोवताली पसरतो, पावसात वाढतो, उन्हाळ्यात वाळून त्याच्या कडा राहतात. दुसरी वाट जमिनीची. जोत्यात ओलरोधक थर नसेल तर पाणी विटांतून वर चढतं. ही ओल फरशीपासून कमरेपर्यंत दिसते, रंगाचे पोपडे निघतात आणि भिंतीवर पांढरा लोणा फुलतो. तळमजल्यावरच्या जुन्या घरांत ही हमखास. या दोन्ही वाटांशी किरायदाराचा काही संबंध नाही.

तिसरी वाट घरातल्या हवेतली. गोंदियात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले, दारं लावून स्वयंपाक केला, तर ती वाफ बाहेरच्या गार भिंतीवर थिजते. मग कपाटामागे, पलंगामागे, खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात. आपल्या विदर्भात यात आणखी एक भर आहे, ती कूलरची. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर चालतो, पण पाऊस सुरू झाल्यावरही लोक तो पाण्यासकट चालवतात, तेव्हा खोलीतली हवा दमट होते. खिडकीखाली कूलरच्या टाकीतून ओघळलेलं पाणी भिंतीत मुरतं ते वेगळंच. अशी बुरशी असेल तर तिची जबाबदारी थोडीफार किरायदारावर येते, हे मान्य केलं पाहिजे. तरी खोलीला खिडकीच एक असेल, मोरीला झरोका नसेल, तर एकट्या किरायदाराला दोष कसा देणार?

वाट कोणती हे ओळखायचा सोपा उपाय मला एका मिस्त्रीने दाखवला. जिथे बुरशी आहे तिथली भिंत कोरडी पुसा, वीतभर लांबी-रुंदीचा पॉलिथिनचा किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूने जमले, तर ओल हवेतली आहे. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूने जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. आमच्या त्या कोपऱ्यात फॉइल मागून चिंब भिजलं होतं. चिकटवताना आणि काढताना दोन्ही वेळा मी व्हिडिओ केला, शेजारच्या काकूंना उभं करून.

३. तोंडी सांगितलेलं कोणी मोजत नाही

"काकाजी, टाकीखालचा कोपरा गळून राहिला." "हो मॅडम, पाऊस उघडू द्या, माणूस पाठवतो." हा संवाद आमच्याकडच्या प्रत्येक किरायदाराच्या तोंडपाठ असेल. पाऊस उघडतो, माणूस येत नाही, पुढच्या वर्षी बुरशी दुप्पट होते आणि घर सोडताना काकाजी म्हणतात, तुम्ही आम्हाला सांगितलंच नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४ या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्यायोग्य अवस्थेत ठेवणं आणि त्याची दुरुस्ती करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने केली नाही, तर किरायदाराने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर किरायदार ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च किरायातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे महिन्याला आठ हजार किराया असेल, तर वर्षाचे शहाण्णव हजार होतात आणि मर्यादा चोवीस हजारांची.

नोटीस द्यायला वकीलच लागतो असं नाही. साध्या कागदावर तारीख, घराचा पत्ता, ओल कुठे आहे, कधीपासून आहे आणि कधीपर्यंत दुरुस्ती हवी, एवढं लिहा. हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर टपालाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टाला नोंदणी जोडून मागा आणि पावती जपून ठेवा. सोबत व्हॉट्सॲपही करा, बिघडत काहीच नाही.

४. आपल्याजवळचा कागद कोणता आहे, ते वाचा

वर सांगितलेलं कलम १४ भाडेकरूसाठी आहे. आजकाल मात्र अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करायची पद्धत आहे. तसा करार असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, आणि मग दुरुस्तीबद्दल त्या करारात काय लिहिलं आहे त्याला महत्त्व येतं. "सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" असं एक वाक्य टायपिस्टकडच्या तयार मसुद्यात बहुधा असतंच. सही करण्याआधी त्याच्यापुढे हाताने लिहून घ्या: स्लॅब, गच्ची, पाइपलाइन आणि भिंतीतील ओल वगळून.

दुसरी गोष्ट नोंदणीची. आमच्याकडे बहुतेक किरायापत्रं स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून होतात, आणि लोकांना वाटतं की काम पक्कं झालं. याच अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की किरायाचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल किरायदार जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. माझा करार नोंदलेला नव्हता. डिपॉझिट परत मागणाऱ्या पत्रात हे कलम मी शांतपणे उद्धृत केलं, तेव्हा पहिल्यांदा घरमालकांचा स्वतःहून फोन आला.

जुने घरमालक अजूनही "रेंट कंट्रोलरकडे जाऊ" म्हणतात. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे आदेश होता, घर खाली करायची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून ते संपलं. आता गोंदियात असे दावे दिवाणी न्यायालयात चालतात. गावखेड्यात राहत असाल, तर १९९९ चा अधिनियम तुमच्या गावाला लागू आहे का, हे वकिलाला विचारून घ्या. तो त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता आहे.

५. राहत असताना बुरशी पुसत राहा

पुरावा हवा म्हणून बुरशी वाढू देऊ नका. माझ्या मुलाला त्या खोलीत सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू व्हायच्या. दमट, बुरशी लागलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या त्रासाशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. आधी फोटो काढा, मग तोंडाला मास्क लावून, खिडक्या उघडून साबणाच्या पाण्याने पुसा. कोरड्या ब्रशने घासू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. आणि ब्लिचिंग पावडर व संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

६. बिल ओळीओळीने वाचा

घरमालकांनी मला दिलं ते बिल हार्डवेअर दुकानाच्या पॅडवर हाताने लिहिलेलं होतं. क्रमांक नाही, सही नाही. वर "बुरशी सफाई व रंगकाम", आणि खाली ओळी: पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर दोन हात, तीन खोल्या, मजुरी. शेवटून दुसरी ओळ होती, "गच्ची केमिकल व मजुरी ६,५००".

त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. बुरशी माझ्या राहण्यामुळे आली असती, तर गच्चीवर केमिकल मारायचं काय कारण होतं? त्यांच्या मिस्त्रीला नेमकं ठाऊक होतं की पाणी कुठून येत आहे. त्याने इमानदारीने तिथे काम केलं आणि इमानदारीने ते बिलात लिहिलं. पहिल्या दिवसाचा डागाचा फोटो, फॉइलचा व्हिडिओ, दुरुस्ती मागणारे मेसेज आणि त्यांच्याच बिलातली ही ओळ, एवढं एकत्र ठेवल्यावर युक्तिवाद करायला फार काही उरलं नाही.

बाकीच्या ओळीही तपासायच्या असतात. बुरशी एका खोलीतल्या दोन भिंतींवर होती, बिल तीन खोल्यांचं होतं. शिवाय रंग कायम टिकत नसतो. पाच वर्षांपूर्वी दिलेला डिस्टेंपर तसाही बदलावा लागणारच होता. जाणाऱ्या किरायदाराच्या पैशातून पूर्ण घर नवं करून घेणं ही भरपाई होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ (एम) किरायदाराला सांगतं की घर घेतलं तशा अवस्थेत परत द्या, पण त्यातच अपवाद आहे: वापरातून होणारी नेहमीची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीने झालेलं नुकसान. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला आणि नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरलं. अशा पाण्याने भिंतीला ओल आली, तर ती किरायदाराच्या माथी मारता येत नाही.

करारात "घर सोडताना रंगाचे दहा हजार कापले जातील" असं लिहिलेलं असतं, तेव्हा लोक गप्प बसतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे असा आकडा ही वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उलगडून सांगितलं आणि नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असं म्हटलं. तेव्हा खर्चाच्या खऱ्या पावत्या मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

७. "बिल्डिंगवाले करत नाहीत" हे उत्तर आपल्यासाठी नाही

गच्ची सगळ्यांची, टाकी सगळ्यांची, आणि आमच्या शहरात कित्येक अपार्टमेंटना रीतसर सोसायटीच नाही. जिथे सोसायटी आहे तिथे आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून वरच्या मजल्यात होणारी पावसाची गळती सोसायटीनेच दुरुस्त करायची असते. फ्लॅटमालकाने ते सोसायटीशी किंवा इतर फ्लॅटमालकांशी बघावं. किरायदार त्यात कुठेच येत नाही.

८. आपलं जे आहे, ते आपण होऊन द्या

मी पत्रात स्वतःच लिहिलं: खिडकीखालचा कूलरचा डाग आणि मोडलेली एक कडी यांचे अडीच हजार कापा. पेंटरला विचारूनच हा आकडा काढला होता. यामुळे माझं बाकीचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. समोरचा माणूस वयाने मोठा आहे, त्याच गावात राहतो, उद्या बाजारात भेटणार आहे. त्याला चोर ठरवायची गरज नसते.

९. "तुमच्या राहण्यामुळे झालं" हे मुकाट्याने ऐकून घेऊ नका

सगळ्या प्रकरणात मला पैशापेक्षा हे जास्त लागलं. "तुम्ही खिडक्या उघडत नाही, घर दमट ठेवता, म्हणून झालं." किरायदार अस्वच्छ असतो, हे न बोलता गृहीत धरलेलं असतं, आणि किरायदार आदिवासी भागातून आलेला असला, विद्यार्थी असला, तर ते बोलूनही दाखवतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात आवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये श्वसनाच्या विकाराने गेला. त्याच्या वडिलांनी घरातल्या बुरशीबद्दल वारंवार तक्रार केली होती. घर देणाऱ्या संस्थेने त्या कुटुंबाच्या राहणीला बोल लावला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंनी निष्कर्ष दिला की मृत्यू घरातल्या बुरशीमुळेच झाला. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात 'आवाबचा कायदा' म्हणून तरतूद आली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना घातक ओल-बुरशीची चौकशी व दुरुस्ती ठरावीक मुदतीत करणं भाग झालं.

आपल्याकडे केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा आहे, आणि भिंतींची सफेदी व मूळ बांधकामाची दुरुस्ती घरमालकाच्या यादीत टाकली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तो महाराष्ट्रात यावा असं मला मनापासून वाटतं.

१०. चावी देताना कागद करा

रिकामं घर घरमालकाबरोबर फिरून बघा, पुन्हा व्हिडिओ करा, आणि "चावी मिळाली, हिशोब बाकी" एवढं तरी लिहून घ्या. "पूर्ण हिशोब मिळाला" अशा कागदावर रक्कम हातात पडल्याशिवाय सही नको.

११. कुठे जायचं

पोलीस हे दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतात, आणि ते बरोबर आहे. वकील लावून दावा करता येतो, पैसे मागायला तीन वर्षांची मुदतही असते. पण वीस-बावीस हजारांसाठी तो रस्ता लांबचा आहे. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज केला. त्याला कोर्ट फी लागत नाही. ते समोरच्याला नोटीस काढून बोलावतात, दोघांना समोरासमोर बसवतात. तडजोड झाली तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना आणि पूरग्रस्तांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आमचे काकाजी आले. मी बिल टेबलावर ठेवून गच्चीच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला, थोडा वेळ बोलले आणि अडीच हजार कापून बाकी द्यायला तयार झाले. तसं लिहून झालं आणि पैसे मिळाले.

गोंदियात नर्सिंगला, डी.फार्म.ला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला देवरी-सालेकशाकडून मुली येतात, खोली घेतात, आणि जाताना डिपॉझिट सोडून देतात, कारण आई-बापांना पुन्हा शहरात खेटे घालणं परवडत नाही. तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल, तर राहायला जायच्या दिवशी तिच्याकडून भिंतींचे फोटो काढून घ्या, आणि विधी सेवेचा १५१०० हा टोल-फ्री नंबर तिच्या फोनमध्ये टाकून द्या.